खेळाडूस मागणी

मनुष्याला पैशाची लालूच दाखवून बोलावणें आणि नुसत्या शब्दांनीं बोलावणें यांत अधिक सभ्य कोणतें, असें कोणी विचारलें तर आपण बहुधा शब्दाच्या बाजूनें मत देऊं. पैशाच्या बोलावण्यांत कांहींतरी बाजारी आहे, शब्दाच्या बोलावण्यांत मान आहे, आपुलकी आहे, अशी आपली समजूत असते. परंतु ज्याच्यापाशीं शब्दाखेरीज देण्यासारखें दुसरें कांहींच नाहीं, त्याच्या शब्दावर भार किती पडतो, आणि त्या भाराखालीं तो शब्द कितपत सरळ राहतो, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. अमेरिकेंतील लहान कॉलेजें हायस्कुलांतील बास्केटबॉलपटूंना आपल्या संघांत ओढून घेतात, ती रीत या विचाराला फार सोयीची आहे. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. सतरा वर्षांचा एक उंच मुलगा, एक चेंडू आणि एक कॉलेज. यांत नीतीचा प्रश्न तो कोठला, असें वाचक म्हणतील. तो आहे, आणि दिसतो त्यापेक्षां बराच अवघड आहे.

हा खेळ जन्मला तोच एका विद्यालयाच्या गरजेपोटीं. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें, ख्रिस्ती तरुणांच्या संघानें चालविलेल्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिवाळ्यामुळें आंत कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीं पीच फळांच्या टोपल्या सज्जाला टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढें तो कॅन्सस विद्यापीठांत गेला व तेथील संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्या विद्यापीठाच्या इतिहासांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षां हरलेल्या सामन्यांची संख्या अधिक असलेला प्रशिक्षक एवढा तोच एक आहे! खेळाचा जनक आणि त्याचा हा हिशेब. आजच्या काळांत त्याची नोकरी फार दिवस टिकली नसती.

आज त्या देशांत हायस्कुलांच्या संघांतून सुमारें साडेपांच लक्ष मुलगे हा खेळ खेळतात. कॉलेजांच्या क्रीडांचें नियंत्रण करणारी जी नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन नांवाची मोठी संस्था आहे, तिच्या संघांत यांपैकीं शेंकडा तीन-चार मुलांनाच जागा मिळते. या संस्थेनें १९७३ सालीं कॉलेजांचे तीन विभाग पाडले. पहिल्या दोन विभागांत खेळाडूला खेळाकरितां शिष्यवृत्ति देतां येते. तिसऱ्यांत ती देण्याची मनाई आहे. या तिसऱ्या विभागांत चारशेंहून अधिक संस्था आहेत, म्हणजे संख्येनें तोच सर्वांत मोठा. आणि लहान लहान खाजगी कॉलेजांचा भरणा तेथेंच आहे. तेथील नियम असा कीं, विद्यार्थ्याला आर्थिक मदत द्यावयाची ती त्याची गरज पाहून किंवा अभ्यासांतील गुण पाहून. तो चेंडू कसा टाकतो याचा त्या मदतीशीं संबंध असतां कामा नये. मुलानें दुसऱ्या वर्षीं संघ सोडला तरी ती मदत जात नाहीं. मुलानें सही करावयाचा एखादा कागद असला तरी तो समारंभापुरता. त्याला बंधनाचें बळ नाहीं. सारांश, प्रशिक्षकाच्या हातीं थैली नाहीं आणि करारपत्रहि नाहीं. त्याच्या हातीं उरतो तो शब्द.

एक गोष्ट येथें मान्य केली पाहिजे. कांहीं नामांकित लहान कॉलेजांत, जेथें प्रवेश मिळणें हेंच मोठें भाग्य समजलें जातें, तेथें प्रशिक्षकाचा शब्द प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्यांपाशीं चालतो, आणि ती देणगी पैशाहून लहान नव्हे. विल्यम बोवेन व सारा लेव्हिन यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, अशा रीतीनें बोलावून घेतलेले खेळाडू प्रवेशांत इतरांच्या बरेच पुढें असत आणि पुढें अभ्यासांत मात्र अपेक्षेहून मागें पडत. पण अशीं कॉलेजें थोडीं. बाकीच्यांना मुलें निवडावयाचीं नसतात, मिळवावयाचीं असतात.

तीं मिळविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यांत एकाच प्रचंड मंडपवजा इमारतींत चार-सहा सामने शेजारीं शेजारीं चाललेले असतात. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आपापल्या कॉलेजांचे सदरे घातलेले प्रशिक्षक टिपणें करीत बसलेले असतात. मग निरोप सुरू होतात. मुलाच्या सामन्याचा निकाल, त्याच्या आजीची प्रकृति, त्याची परीक्षा, सर्वांची चौकशी होते. पुढें मुलाला व आईबापांना कॉलेज पाहावयास बोलावतात. मुलगा एक रात्र संघांतील मुलांबरोबर वसतिगृहांत राहतो, त्यांच्याबरोबर जेवतो, आणि निघतांना प्रशिक्षकाच्या खोलींत त्याला बसवून सांगतात: तूं आम्हांला हवा आहेस. आपल्याकडे मुलीला मागणी घालीत असत त्याची आठवण हें वाचून कोणालाहि होईल. फरक इतकाच कीं, मागणी घालणारा वर एकाच वेळीं तीस-चाळीस घरीं तेंच वाक्य बोलून आलेला असतो.

आतां हें वाक्य खोटें आहे काय? मुळींच नाहीं. त्याला तो मुलगा खरोखरच हवा आहे. परंतु संघांत एका वेळीं पांच जण खेळतात, आणि हंगामभर ज्यांना खेळावयास मिळालें असें म्हणतां येईल ते फार तर नऊ-दहा. कित्येक लहान कॉलेजांच्या संघांत नांवें मात्र वीस-पंचवीस असतात. बोलावलेल्यांपैकीं कोण पाटावर बसून राहील, कोण दुसऱ्या वर्षीं कंटाळून निघून जाईल, याचा अंदाज अनुभवी प्रशिक्षकाला असतो. किंबहुना निघून जाणाऱ्यांचा हिशेब धरूनच तो बोलावणीं पाठवितो. ही संख्या गुप्त नसते. संघाची यादी कोणीहि मोजून पाहावी. परंतु सतरा वर्षांचा मुलगा ती मोजीत नाहीं, आणि त्यानें मोजावी असें कोणी त्याला सुचवीत नाहीं. धर्मराजानें हत्तीचा उल्लेख केलाच होता. फक्त तो हळू केला. त्याचा रथ जमिनीवर आला तो खोटें बोलल्यामुळें नव्हे, खरें कोणत्या आवाजांत बोलावें याची निवड केल्यामुळें.

प्रशिक्षकाला दुष्ट ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण त्याच्याहि मागें कोणी उभें आहे. लहान खाजगी कॉलेजें विद्यार्थ्यांच्या फीवर जगतात. छापील फी मोठी असते, पण नव्या विद्यार्थ्याला तींत सरासरीनें निम्म्याहून अधिक सूट द्यावी लागते, आणि त्या सुटीला गुणवत्तेची शिष्यवृत्ति असें भारदस्त नांव देतात. (बापाला तें नांव सुटीपेक्षांहि अधिक गोड लागतें.) मिशिगन राज्यांतील एड्रियन कॉलेजांत २००५ सालीं साडेआठशेंच्या आंतबाहेर विद्यार्थी उरले होते. नवे अध्यक्ष जेफ्री डॉकिंग यांनीं खेळांची संख्या वाढविली, मैदानें बांधलीं, आणि प्रशिक्षकांना दरसाल इतके विद्यार्थी आणलेच पाहिजेत असा आंकडा ठरवून दिला. थोड्या वर्षांत कॉलेजाची विद्यार्थिसंख्या दुपटीच्या जवळ गेली. लहान कॉलेजें कशीं वांचवावीं यावर त्यांनीं २०१५ सालीं पुस्तकहि लिहिलें, आणि इतरांनीं तो मार्ग धरला. अशा ठिकाणीं मुलगा दोन प्रकारांनीं उपयोगी असतो: खेळाडू म्हणून आणि फी भरणारा म्हणून. पंचविसाव्या मुलाच्या बाबतींत पहिला उपयोग जवळजवळ शून्य असतो. दुसरा मात्र पुरा असतो. आणि त्याला सांगितला जातो तो पहिला.

हा पैसा उडवून टाकण्यासाठीं मिळवावयाचा असतो असेंहि नाहीं. अध्यापकांचे पगार, ग्रंथालय, तत्त्वज्ञानाचा एखादा रिकामा वर्ग, हें सर्व त्यावर चालतें. अलाबामा राज्यांतील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मे २०२४ रोजीं कायमचें बंद झालें. त्याच दिवशीं त्याचा बेसबॉलचा संघ ओहायोंत तिसऱ्या विभागाच्या अखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरला होता. ज्या कॉलेजाचें नांव मुलांच्या छातीवर होतें तें त्या सायंकाळीं अस्तित्वांत नव्हतें. असा शेवट ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्या अध्यक्षाला, पंचविसाव्या मुलाशीं आपण थोडें अधिक गोड बोललों, यांत फारसें पाप दिसणार नाहीं.

तरीहि तें पाप आहे असें मला वाटतें, आणि तें कोणत्या जातीचें हें अ‍ॅरिस्टॉटलनें चांगलें ओळखलें होतें. मैत्री उपयोगासाठीं असते, सुखासाठीं असते, किंवा मित्राच्या शीलासाठीं असते, असे तीन भेद त्यानें केले. उपयोगाच्या मैत्रीला त्यानें नांवें ठेविलीं नाहींत; जगांतील बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतात. त्याचा आक्षेप वेगळा आहे. ज्यानें उपयोगासाठीं जवळ केलें आणि शीलासाठीं जवळ केलें असें भासविलें, त्याच्यावर खोटें नाणें पाडणाऱ्यापेक्षांहि अधिक रोष धरावा, असें तो म्हणतो. कारण येथें जें खोटें पाडलें जातें तें नाण्याहून मोलाचें असतें. आजीच्या प्रकृतीची चौकशी हें तें नाणें होय. ती चौकशी करतांना प्रशिक्षकाच्या मनांत कळवळा असेलहि. पण मुलानें दुसऱ्या कॉलेजाला होकार दिल्यावर आजीची विचारपूस थांबते, यावरून त्या नाण्याची धातु कळते.

यावर एक चांगलें उत्तर आहे, आणि तें टाळून पुढें जाणें बरें नव्हे. तें असें कीं, पाटावर चार वर्षें बसलेला मुलगाहि पुष्कळदां स्वतःला फसविला गेलेला मानीत नाहीं. त्याला मित्र मिळाले, पहांटे उठण्याची शिस्त मिळाली, पदवी मिळाली. आपण कोणाला तरी हवे होतों ही आठवण मिळाली. आयोवा राज्यांतील ग्रिनेल कॉलेजांत तर डेव्हिड आर्सेनो या प्रशिक्षकानें खेळाची पद्धतच अशी बसविली कीं, थोड्या थोड्या वेळानें पांचांची पांच मुलें बदलावयाचीं, आणि पंधराएक जणांना रोज मैदान मिळावयाचें. पंडितांनीं तिची थट्टा केली. मला मात्र ती या सबंध प्रकरणांतील सर्वांत सरळ गोष्ट वाटते, कारण तेथें बोलावणाऱ्यानें आपला शब्द खरा करण्यासाठीं खेळच बदलला. परंतु इतरत्र जो मुलगा पुढें सुखी झाला त्याच्या सुखानें बोलावणाऱ्याचें मौन धुऊन निघत नाहीं. चुकून चांगल्या गांवीं पोंचलेल्या प्रवाशाला कोणी मुद्दाम चुकीचा रस्ता दाखविला असला तर तो दाखविणारा कांहीं वाटाड्या ठरत नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं मुलेंहि साधीं नसतात. आठ कॉलेजांना एकदम आशेवर ठेवतात. हें खरें आहे. पण एका बाजूला सतरा वर्षांचा मुलगा हें आयुष्यांत एकदांच करतो, आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशीचा मनुष्य तें दर वर्षीं करतो. दोघांची लबाडी एकाच तराजूंत घालणें न्यायाचें नाहीं.

पहिल्या विभागांत अलीकडे निराळेंच घडलें आहे. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नांवाचे पैसे घेतां येऊं लागले, आणि २०२५ च्या जून महिन्यांत न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें कॉलेजांना खेळाडूंस सरळ पैसे देण्याची मोकळीक मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजास दोन कोटी पांच लक्ष डॉलर. पुष्कळांना यांत अधःपात दिसला. मला त्यांत एक प्रकारची स्वच्छता दिसते. किंमत सांगितली कीं मुलाला आपण काय विकतों हें कळतें, आणि आजीला मध्यें आणण्याची गरज उरत नाहीं. तरीहि लहान कॉलेजांनीं हाच मार्ग धरावा असें मी म्हणणार नाहीं. ज्याला पैसे मिळत नाहींत तो मुलगा मोकळा आहे. उद्यां त्याला चेंडूपेक्षां रसायनशास्त्र आवडूं लागलें तर तो आपली मदत न गमावतां प्रयोगशाळेंत जाऊं शकतो. हें स्वातंत्र्य तिसऱ्या विभागाचें खरें वैभव आहे, आणि नवल हें कीं मागणी घालतांना त्याचा उच्चार सर्वांत कमी होतो.

तिकडे मुलांना एक जुनी कसोटी सांगतात: पहिल्याच दिवशीं तुझा पाय मोडला तर याच कॉलेजांत राहशील काय? कसोटी उत्तम आहे. परंतु ती सारा भार मुलावर टाकते. तोच प्रश्न उलट कोणी विचारीत नाहीं. पाय मोडलेला हा मुलगा तुम्हांला हवा असेल काय, आणि कशासाठीं? प्रशिक्षकानें जर सांगितलें कीं, “बाबा रे, तुझ्या जागेसाठीं मी आणखी पांच जणांना बोलावलें आहे, गेल्या चार वर्षांत आलेल्या वीसांपैकीं सात शेवटपर्यंत टिकले, तुला पहिलीं दोन वर्षें फारसें खेळावयास मिळणार नाहीं,” तर कित्येक मुलें तरीहि येतील. जीं येणार नाहींत त्यांच्या फीचा खड्डा कॉलेजाला पडेल. तो भरून काढण्याचें ओझें एकट्या प्रशिक्षकाच्या शिरावर ठेवून त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करणारे अध्यक्ष आणि विश्वस्त हे धर्मराजाला हत्ती दाखविणाऱ्यांपैकींच होत.

नकाराची गोष्ट तर याहूनहि वाईट. बोलावण्याला शब्द सांपडतात. नको झालेल्या मुलाला तसें सांगण्यास ते सांपडत नाहींत. चांगला उंच मुलगा दुसरीकडून मिळाला कीं पहिल्याला येणारे निरोप आठवड्यावर जातात, मग महिन्यावर. मुलगा आपल्या बाजूनें सामन्यांचीं चित्रणें पाठवीत राहतो. प्रवेशाचा होकार कळविण्याची रूढ तारीख १ मे; ती उलटल्यावरहि कांहीं घरांत दूरध्वनि जवळ ठेवून कोणी बसलेलें असतें, आणि आई जेवावयास दोनदां हांक मारते.