चौकटीत चेहरा कोणाचा?

धर्मग्रामाच्या सणाचे समूहछायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुढे खुर्च्यांवर मान्यवर, मागे वर्गणीदार व कार्यकर्ते. पहाटेपासून चुलीपाशी राबलेली मंडळी त्या वेळी भांडी घासत असतात. त्यांना कोणी मुद्दाम वगळलेले नसते. केवळ बोलावलेले नसते. समूहाच्या चित्रात स्थान कोणाचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी आम्हांला तो न्यायाचा प्रश्न वाटतो.

रेम्ब्रांट ह्या डच चित्रकाराने १६४२ साली पूर्ण केलेले ‘रात्रीचा पहारा’ हे भव्य चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते एका नागरी रक्षकदलाचे समूहचित्र आहे. वास्तविक त्यात रात्र नाहीच; रोगणाचा थर काळवंडल्यामुळे हे नाव पुढे रूढ झाले. दलातील सभासदांनी त्यासाठी प्रत्येकी सरासरी शंभर गिल्डर मोजले होते, कोणी जास्त, कोणी कमी. ज्याचे स्थान ठळक त्याची वर्गणी मोठी. व्यवहार सरळ होता: पैसा द्यावा, चेहरा घ्यावा.

पण रेम्ब्रांटने सर्वांना सारखे रांगेत उभे केले नाही. दल निघण्याच्या तयारीत आहे, असा गजबजलेला क्षण त्याने रंगविला. त्यामुळे पैसे मोजलेले काही जण सावलीत गेले, काही दुसऱ्याच्या हाताआड दडले. उलट, भाड्याने आणलेला ढोलवादक एक पैही न देता चित्रात आला. नायकाच्या मागे, सोनेरी वस्त्रातील एका लहान मुलीवर तर भरपूर उजेड पडला आहे. तिनेही काही दिलेले नव्हते.

ह्यावरून चित्रकाराला साधुपुरुष ठरविण्याचे कारण नाही. ज्याने पैसे घेतले, त्याने देणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दाखवावा, ही अपेक्षा रास्तच होती. नंतर चित्रातील एका ढालीवर अठरा नावे लिहिली गेली. १७१५ साली हे चित्र नगरभवनात हलविताना जागेत बसावे म्हणून चारही कडांनी कापण्यात आले, आणि डावीकडील दोन रक्षक कायमचे नाहीसे झाले. पैशाने विकत घेतलेले स्थानही अखेर भिंतीच्या मापावर अवलंबून राहिले!

हे चित्र पाहताना आम्हांला बीड जिल्ह्यातील तेलगाव आठवते. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव साखर कारखान्यामुळे परिचित आहे. गळीत हंगामाच्या सुमारास ह्या भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या संसार गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. हंगाम सुरू होताना गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो; वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. त्यांत हार घातलेले पाहुणे दिसतात. ती मोळी ज्याने तोडली, तो बहुधा दिसत नाही.

मुकादमाच्या वहीत तर ह्याहून विलक्षण हिशेब असतो. नवरा-बायको मिळून तिथे एक ‘कोयता’ धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्यावर दिली जाते, आणि खाडा झाला तर दंडही कोयत्यावरच. दोन जिवंत चेहऱ्यांच्या जागी एक हत्यार लिहिले जाते, आणि त्यातही बाईचे नाव सहसा येत नाही.

हिशेबाला सोय लागते, हे आम्ही जाणतो. प्रत्येक वहीत प्रत्येकाचे चरित्र लिहिता येणार नाही. परंतु सोय म्हणून वापरलेला शब्द हळूहळू आपली दृष्टी बनतो, ही खरी भीती आहे. वर्गणी दिल्याने मनुष्याला पावतीचा हक्क मिळतो. चेहरा मात्र त्याला कोणी पावतीवर दिलेला नाही. देवाच्या प्रतिरूपात मनुष्य घडला, असे मानणाऱ्यांना तर हे निराळे सांगावयास नको.

वाचकहो, जगाचे हिशेब एका दिवसात बदलणार नाहीत. पण पुढच्या सणाला छायाचित्रकार सर्वांना जवळ सरकायला सांगेल, तेव्हा आपण क्षणभर थांबावे. कोणीतरी चुलीकडे जाऊन हात पुसणाऱ्या त्या बाईला तिच्या नावाने हाक मारावी, आणि ती येईपर्यंत खुर्च्यांवरील मंडळींनी वाट पाहावी.