मजुरी दिली म्हणजे देणे फिटले काय?



पऱ्हाटी कमरेला लागली की आपल्या भागात फवारणीचे दिवस सुरू होतात. मजूर सकाळी पाठीवर पंप बांधून वावरात शिरतो आणि संध्याकाळी रोजी घेऊन घरी जातो. मालक म्हणतो, "काम झाले, दाम दिला, हिशेब मिटला." मजूरही तेच म्हणतो. आज आम्हांला आपल्यापुढे एवढाच प्रश्न ठेवायचा आहे की, हिशेब खरोखर मिटला काय? रोजी हातावर ठेवली म्हणजे माणसाचे माणसाला असलेले देणे फिटते काय?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस जणांचा जीव गेला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. मरण पावलेल्यांत शेतमजूर होते, तसेच स्वतःच्या वावरात फवारणारे शेतकरीही होते. शासनाने विशेष तपास पथक नेमले. पुष्कळ कारणे सांगितली गेली. त्या वर्षी पऱ्हाटी फार उंच वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. जास्त दाबाचे नवे पंप आले होते. हातमोजे नव्हते, तोंडाला मुखपट्टी नव्हती. वास्तविक, फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असलेच पाहिजेत, असे कीटकनाशकांच्या नियमांनी १९७१ सालीच सांगितले होते. म्हणजे नियमाला शेहेचाळीस वर्षे झाली होती आणि तो वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचला नव्हता.

"हिशेब मिटला" असे म्हणणाऱ्याची बाजूही आपण नीट ऐकून घेऊ. तो म्हणेल, "मी कोणाला ओढून आणले नाही. मजुराने भाव ठरवला, मी कबूल केला. त्याला धोका माहीत होता. शिवाय मी कोण मोठा सावकार? माझ्याच डोक्यावर कर्ज आहे. मजूर मिळाला नाही तर मीच पंप घेतो." यात खोटे काही नाही. आपल्या तालुक्यातला बहुतेक मालक हा पाच-सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे. त्याला गिरणीमालकाच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल.

तरीही या युक्तिवादात एक गाठ राहून जाते. आपण बाजारात कापूस विकतो तेव्हा कापूस व्यापाऱ्याकडे जातो आणि आपण घरी येतो. पुढे त्या गाठीला आग लागली तरी आपल्या अंगाला चटका बसत नाही. श्रमाचे तसे नाही. मजूर श्रम विकतो तेव्हा त्याला स्वतःला श्रमाबरोबर वावरात जावे लागते. त्याचे डोळे, त्याची फुप्फुसे, त्याची कातडी सगळे त्या दिवशी मालकाच्या कामात असते. मजुरी आठ तासांची ठरली, पण धोक्यात घातला तो सारा जन्म. त्याचा भाव कोणी ठरवलाच नव्हता. मग तो हिशेबात मिटला असे कसे म्हणता येईल?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. दोघांनी मजुरी कबूल केली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी त्यात बजावले. उपाशी माणूस नाइलाजाने जे कबूल करतो त्याला मोकळी संमती म्हणता येत नाही, त्यामागे सक्ती असते. कराराच्या वर एक नैसर्गिक न्याय आहे आणि करार करणारे दोघेही त्या न्यायाला बांधलेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार परिपत्रकाच्या आधीच एका माणसाने कामगारांच्या तोंडून वदवला होता. ते म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, मजुरी वेळेवर हवी, या त्यातल्या मागण्या पुष्कळांना ठाऊक आहेत. आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत मजुरी मिळावी. म्हणजे शरीराचा हिशेब संध्याकाळी मिटत नाही, हे त्या निरक्षर हातांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. आज आपण रविवारी मिस्साला निवांत येतो, त्या निवांतपणात लोखंड्यांचाही वाटा आहे. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडले.

दूर अमेरिकेतही याच वाटेने जावे लागले. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपडे शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या. ती आग डोळ्यांनी पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई होती. १९३३ साली ती त्या देशाची श्रममंत्री झाली. १९३५ साली संघटनेच्या हक्काचा आणि १९३८ साली किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा झाला. किमान वेतनाचा विचार तेथे रुजवणाऱ्यांत जॉन रायन हे आपल्याच ख्रिस्तसभेचे धर्मगुरू होते. मजुराला जगण्यापुरते वेतन मिळालेच पाहिजे, असे सांगणारा ग्रंथ त्यांनी १९०६ सालीच लिहिला होता.

पण हे दोन्ही कायदे झाले तेव्हा शेतमजूर त्यांच्या बाहेर ठेवला गेला. घरकाम करणाऱ्या बाया तशाच. दक्षिणेकडच्या मळ्यांत राबणारे पुष्कळसे मजूर काळे होते आणि त्यांना हक्क मिळावेत अशी तिथल्या पुढाऱ्यांची इच्छा नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. काही शेतमजुरांना किमान वेतन मिळायला १९६६ साल लागले. फवारणीच्या बाबतीत तिथल्या सरकारने १९९२ साली सविस्तर नियम केले आणि २०१५ साली ते आणखी कडक केले. औषध हाताळणाऱ्या मजुराचे वय किमान अठरा हवे, हे तेव्हा ठरले. एवढ्या श्रीमंत देशातही कायदा कारखान्यात आधी गेला आणि वावरात शेवटी.

आपल्याकडे काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतली कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहे. आपल्या वावरात फवारायला दोघे-तिघे असतात. राज्य शासनाची शेतकरी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात फवारणीची विषबाधाही धरली आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तो मजूर तिथेही बाहेरच.

मग जिथे कायदा पोचत नाही तिथे सद्सद्विवेकावर भागवावे काय? आमचे उत्तर असे की, कायदा हवाच आणि त्याची मागणी आपण करीत राहिलीच पाहिजे. नुसत्या चांगुलपणावर भागत असते तर न्यूयॉर्कच्या त्या दरवाजाला कुलूप लागलेच नसते. परंतु कायदा येईपर्यंत आपले कर्तव्य थांबून राहत नाही. कर्तव्य कायद्यातून जन्मत नाही. कायदा फक्त त्याची नोंद करतो, आणि तीही बहुधा उशिरा.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी खाली पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. हा नियम देणाऱ्याने मालक गरीब आहे की श्रीमंत, असे विचारलेले नाही. कोणी पडल्यावर त्याच्या घरच्यांना काय द्यावे, हेही तिथे नाही. पडण्याआधी काय करायचे ते तिथे आहे. आणि कठडा बांधणे याला तिथे कोणी दानधर्म म्हटलेले नाही. हातमोजे देणे हेही दान नव्हे. तो मजुरीइतकाच मजुराचा हक्क आहे. दया म्हणून दिलेली वस्तू पुढच्या वर्षी बंद करता येते, देणे बंद करता येत नाही.

मालक खरोखर हलाखीत असेल तर काय? तर त्याचे देणे त्याच्या ऐपतीप्रमाणे, पण शून्य नव्हे. वारा सुटल्यावर फवारणी थांबवायला पैसा लागत नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण मजुराला समजावून सांगायला, औषधे मनाने न मिसळायला, हात धुण्यासाठी साबण-पाणी ठेवायला फार खर्च येत नाही. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा हे चार घरांनी मिळून घेता येतात. मळमळ सुरू झालेल्या माणसाला पूर्ण रोजी देऊन लगेच दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळते. आणि ज्या मुलाला मिसरूडही फुटले नाही त्याच्या पाठीवर पंप द्यायचा नाही, मग त्याचा बाप कितीही आग्रह करो. बाकीचा भार विकणाऱ्या दुकानदाराचा, बनवणाऱ्या कंपनीचा आणि शासनाचा आहे. तो त्यांच्याकडून मागण्यात मालक आणि मजूर यांनी एकत्र उभे राहावे. विषाने दोघांत भेद केला नाही, हे २०१७ साली आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

या आठवड्यात ज्यांच्या वावरात फवारणी आहे त्यांनी रोजी मोजण्याआधी मजुराला एक प्रश्न विचारावा: "तब्येत बरी आहे ना?" आणि उत्तर ऐकून मगच हिशेब करावा.

नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला प्रभू येशू आपल्या सर्व कष्टकऱ्यांचे रक्षण करो.