मेन स्विच आपल्याच भिंतीवर

राधानगरीकडच्या डोंगराळ भागात एका गावाची दूध संस्था होती. गाव आणि दोन वाड्या मिळून तीन ठिकाणी लोक दूध घालायचे. पहाटे किटल्या आल्या की वजन करायचं, फॅट आणि एसएनएफ बघायचं, पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी त्या आकड्यांवरून बिल काढायचं. सगळे आकडे संस्थेच्या मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर साठत. तो बंद असला की तिन्ही ठिकाणच्या पावत्या बंद.

तिकडचा पाऊस म्हणजे दिवसचे दिवस धार. तारेवर फांदी पडली की लाइट जायची, यूपीएसची बॅटरी उतरायची आणि सर्व्हर बंद पडायचा. लाइट परत आली की पंखे आपले आपण फिरायला लागत, सर्व्हर मात्र बटण दाबल्याशिवाय उठत नसे. मग संस्थेचे सेक्रेटरी तात्या पहाटे चारला इरलं आणि टॉर्च घेऊन निघत. ओढ्याला पाणी असलं तरी निघत. वार्षिक सभेत त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि ते योग्यच होतं. दुसऱ्याच्या दुधासाठी चिखल तुडवणाऱ्या माणसाचा मान राखलाच पाहिजे.

एका श्रावणात तात्या तापानं फणफणले. त्याच रात्री लाइट गेली. सकाळचं दूध वहीवर घेतलं, वही भिजली. एका म्हातारीच्या नावापुढचा फॅटचा आकडा पुसला गेला, म्हणून तिला सरासरी लावली. तिची एकच म्हैस, पण दूध घट्ट. बिल हातात घेऊन ती काही बोलली नाही, आणि तेच सगळ्यांना लागलं.

आयटीआयला कॉम्प्युटरचा ट्रेड करून आलेली एक मुलगी संस्थेत नुकतीच कामाला लागली होती. तिनं आधी यूपीएसमधून सर्व्हरला केबल जोडली. बॅटरी संपत आली की सर्व्हर नोंदी नीट मिटवून स्वतः बंद होईल अशी व्यवस्था केली, कारण अर्ध्या नोंदीवर झटका बसला तर डेटाबेस बिघडू शकतो. मग ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरली. लाइट परत आल्यावर काय करायचं, याला तिथं तीन उत्तरं होती : बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. तिसरं तिला शहाणपणाचं वाटलं.

पुढच्या वेळी लाइट गेली आणि आली, सर्व्हर तसाच निजलेला. त्याचं चुकलं नव्हतं. वीज तुटली तेव्हा तो केबलवरच्या निरोपाप्रमाणे आधीच बंद झालेला होता. ‘आधी होतास तसा’ म्हणजे बंदच. तिनं सरळ ‘चालू हो’ निवडलं.

त्यानंतरच्या वादळात सर्व्हर बंद झाला आणि दोनच मिनिटांत लाइट आली. यूपीएसमध्ये अजून थोडा जीव होता. म्हणजे सर्व्हरपर्यंतची वीज तुटलीच नाही. आणि जी तुटलीच नाही, ती परत आल्याचं त्याला कसं कळणार? पुन्हा तात्या, पुन्हा इरलं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “तात्या, परत लाइट जाईल तेव्हा बघू.”

“लाइट जायची वाट कशाला बघतेस, पोरी? मेन स्विच आपल्याच भिंतीवर आहे. सकाळचं दूध गेलं की पाड खाली.”

इतकी वर्षं तात्या त्या खोलीत येत होते, पण नेहमी पडलेल्याला उठवायला. मुद्दाम पाडून बघायचं त्यांनाही त्या दिवशीच सुचलं. ते आधी सुचलं असतं तर म्हातारीचे पैसे वाचले असते, असं मला वाटतं. तरी सुचलं हे मोठं.

मुलीनं यूपीएसलाच सांगून ठेवलं, की सर्व्हर बंद झाला की मधे लाइट आली तरी थोड्या वेळानं स्वतःची आउटपुट एकदा तोडायची. आणि परत वीज द्यायची ती बॅटरी थोडी भरल्यावरच, म्हणजे लाइट ये-जा करत असली तर सर्व्हरला पुन्हा पुन्हा झटके बसणार नाहीत. मग चेअरमनसमोर स्विच पाडला. बॅटरी उतरेपर्यंत सगळे थांबले. स्विच वर केला आणि काही वेळानं सर्व्हर आपला आपण घरघरला. टाळ्या वाजल्या.

तात्यांनी हात वर केला. “थांबा. वाडीवर फोन लावा.”

वाडीवर पावती निघत नव्हती. सर्व्हर चालू होऊन पासवर्ड विचारत उभा होता; दुधाचा प्रोग्रॅम कुणीतरी पासवर्ड टाकल्यावरच सुरू होई. रात्री कोण टाकणार? तात्यांचा हात कीबोर्डकडे गेला, मग त्यांनी तो पाठीमागे घेतला. तीन दिवस खपून मुलीनं प्रोग्रॅम लॉगिनशिवाय, मशीनबरोबर आणि डेटाबेस उठल्यानंतरच सुरू होईल असा बसवला. चौथ्या दिवशी स्विच पाडला, वर केला, कुणी कशाला हात लावला नाही, आणि वाडीवरून फोन आला : पावती निघाली.

तात्यांनी ठराव लिहायला घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळचं संकलन झाल्यावर, मेन स्विच पाडायचा. पाडणाऱ्याला कॉम्प्युटर येत नसावा. वाडीवर पावती निघेपर्यंत कुणी बटणाला शिवायचं नाही. आणि पहिल्या खर्चात, त्या म्हातारीच्या फॅटचा फरक.

दीड वर्षानं एका एक तारखेला सर्व्हर उठलाच नाही. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि बायोस आपल्या मूळच्या ‘बंद राहा’वर गेला होता. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि आकाश मोकळं होतं. तात्यांनी गाडीला किक मारून तालुक्याच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, मुलीनं तो बसवला, सेटिंग पुन्हा ‘चालू हो’वर नेलं, आणि संध्याकाळच्या किटल्या यायच्या आधी दोघांनी स्विच आणखी एकदा पाडला.