पोस्टर दाखवून काय विचारावे?

पोस्टरच्या कल्पनेवर इतरांचे मत घ्यावे की नाही, यावरचा वाद नेहमी दोन टोकांना अडकतो. दहा जणांना विचारले की चित्राचा विचका होतो, असे एक पक्ष म्हणतो. ज्यांच्यासाठी करायचे त्यांना विचारायलाच हवे, असे दुसरा. दोघेही अर्धेच बरोबर आहेत, कारण विचारायचे काय हे कुणीच ठरवत नाही. पाहणाऱ्याकडून सल्ला किंवा निकाल घेण्यात फारसा अर्थ नसतो. त्याला काय दिसले तेवढे घ्यावे, आणि तेही काम कच्चे असताना.

बर्लिनमध्ये १९०६च्या सुमारास प्रीस्टर या आगकाड्यांसाठी पोस्टर-स्पर्धा झाली. पंचविशीही न गाठलेल्या लुसियन बर्नहार्डच्या पहिल्या चित्रात टेबलक्लॉथ, रक्षापात्र, पेटलेला सिगार, त्याच्या धुरातून उमटणाऱ्या नर्तिका आणि एका बाजूला काड्या असा सगळा पसारा होता. ते पाहून एका मित्राला ती सिगारची जाहिरात वाटली. मग बर्नहार्ड एकेक वस्तू काढत गेला. शेवटी उरल्या पिवळ्या डोक्यांच्या दोन लाल काड्या, गडद पार्श्वभूमी आणि वर जाड निळ्या अक्षरांत नाव. ही हकिकत सांगोवांगी थोडी गुळगुळीत झालेली असणार, पण पोस्टर आजही पाहता येते आणि त्यात टेबल नाही, सिगारही नाही. मित्राने काय काढावे ते सांगितले नव्हते. तो फक्त चुकला, आणि त्याच्या चुकीने चित्रातले काड्यांचे स्थान उघड झाले. उपाय मात्र वगळून पाहण्यातूनच सापडला. तो कुणाच्या अभिप्रायात तयार मिळाला नसता.

याच हकिकतीचा पुढचा भाग विरोधकांच्या बाजूचा आहे. परीक्षकांनी हे चित्र आधी बाद केले होते. उशिरा आलेल्या एर्न्स्ट ग्रोवाल्ड या परीक्षकाने ते टाकलेल्या चित्रांतून उचलले आणि पारडे फिरले. म्हणजे जाणकारांचे बहुमतही परिचितालाच कौल देते. हे खरे आहे. पण परीक्षकांना आवडनिवड विचारली गेली होती, वाचन नव्हे. अनोळखी रूप आवडायला वेळ लागतो. ते कशाबद्दल आहे हे मात्र पहिल्याच नजरेत कळते किंवा कळत नाही.

अभिप्राय उशिरा आला तर काय होते, हे ब्रिटनच्या १९३९च्या युद्धपोस्टरांत दिसते. तुमचे धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल, अशा आशयाचे पोस्टर देशभर लागले. वर राजमुकुट, खाली नुसती अक्षरे. लोकमताचा अभ्यास करणाऱ्या ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेने लोकांची प्रतिक्रिया टिपली, तेव्हा खस्ता जनतेने खायच्या आणि विजय वरच्यांचा, असा अर्थ काढणारे भेटले. तोवर कागद, शाई, पैसा खर्ची पडला होता. त्याच मालिकेतल्या, आज कपांवर मिरवणाऱ्या ‘कीप काम अँड कॅरी ऑन’च्या जवळपास २५ लाख प्रती छापल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक भिंतीवर न लागताच लगद्यात गेल्या. चार माणसांना कच्चा मजकूर वाचायला देण्याचा खर्च याच्या पासंगालाही पुरला नसता.

सगळीच पोस्टरे काड्यांसारखी एकार्थी नसतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. युद्धोत्तर पोलंडमधली नाटक-चित्रपटांची पोस्टरे मुद्दाम कोडे घालतात, आणि तेच त्यांचे बळ. तिथे ‘कळले नाही’ हा दोष ठरत नाही. तरीही प्रेक्षक कुठल्या वाटेने भरकटतो हे चित्रकाराला ठाऊक असावे लागते. न ठरवता आलेली संदिग्धता हा निव्वळ गोंधळ असतो.

म्हणून कलाशाळेत असा किंवा जाहिरातीच्या कचेरीत, एकच सजवलेले पोस्टर पुढे करून ‘कसे वाटते?’ विचारणे सोडा. तीन-चार कच्ची चित्रे विषय माहीत नसलेल्यांना क्षणभर दाखवा, झाका आणि काय दिसले ते विचारा. कुणी रंग बदलायला सुचवले तर ऐकून घ्या. बदलायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.