कळ दाबली, पण कुणासाठी?

माऊसची टिचकी आपला पत्ता सोबत घेऊन येते. पडद्यावर जिथे पडली, तिथली वस्तू तिची धनी. कीबोर्डच्या कळीला असा पत्ता नसतो. ‘क’ दाबला एवढंच कळतं. तो शोधाच्या चौकटीत जायचा की पत्राच्या मजकुरात, ते तिला ठाऊक नाही. मॅकच्या अ‍ॅपकिट या प्रोग्रामिंग संचाने उत्तर ठरवून टाकलंय: विंडोत एका वेळी एकच ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’, आणि कळ आधी त्याच्याकडे.

एकच का?

हा प्रश्न न्यायदर्शनाने संगणकाच्या कितीतरी आधी हाताळला. डोळे, कान, त्वचा सगळी एकदम उघडी असतात, तरी ज्ञानं एकदम उपजत नाहीत. म्हणून गौतमाच्या न्यायसूत्रांनी मन मानलं, तेही अणुएवढं, एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जाणारं. प्रतिपक्षाने लांबलचक शष्कुली, म्हणजे तळलेला कुरकुरीत पदार्थ, पुढे केली: ही खाताना चव, वास, कुरकुर सगळं एकदमच कळतं की! तो भास आहे, नैयायिक म्हणाले. गरगर फिरवलेलं कोलीतही वर्तुळच दिसतं. भाट्ट मीमांसकांना हे पटलं नाही. त्यांचं मन सर्वव्यापी.

स्वतःचा व्ह्यू, म्हणजे विंडोतला एक तुकडा, लिहिणारा प्रोग्रामर नेमका एकाच फर्स्ट रिस्पॉन्डरच्या या नियमापाशी अडखळतो. चित्र उमटतं, टिचकी लागते, कळा मात्र दाद देत नाहीत. ‘फर्स्ट रिस्पॉन्डर होशील का?’ या प्रश्नाला अ‍ॅपकिटच्या मूळ व्ह्यूचं, एनएसव्ह्यूचं, मुळातलं उत्तर ‘नाही’ असतं. ते बदलून ‘हो’ करावं लागतं. होकारानंतरही कळ म्हणजे अक्षर नव्हे. जपानी लिहिणारा आधी काना उमटवतो, मग कांजी निवडतो. तोवर मजकूर अधांतरी, अधोरेखित. कळ थेट अक्षर समजून छापणारा व्ह्यू तिथे फसतो.

नको असलेली कळ व्ह्यू पुढे ढकलतो, पालक व्ह्यूकडे, मग विंडोकडे. कुणीच घेतली नाही तर बीप वाजतो. या साखळीत जाणणारा कुठेच नाही. बौद्ध म्हणतील, कारणांची परंपरा पुरते, आत्मा कशाला? नैयायिकांचा पुरावा वेगळा: जे पाहिलं तेच आता मी शिवतोय, ही ओळख डोळ्याला होत नाही आणि त्वचेलाही नाही. मागे गेलेली विंडो पुढे आली की तिचा फर्स्ट रिस्पॉन्डर तोच असतो, पण ती नुसती नोंद. आठवलं कुणाला, हे तिथे विचारताच येत नाही. इथवर नैयायिकांचं पारडं जड वाटतं, कारण फोकस हलवणारी टॅबची कळ प्रोग्रामबाहेरचं बोटच दाबतं. त्या बोटामागे तरी साखळीखेरीज काय आहे, हे बौद्ध विचारणारच.