लाल शाई आणि मुलाचे दुःख

निबंधाच्या वहीत शिक्षकाला लेखन दिसते आणि लिहिणाऱ्याचे जीवितही दिसते. लेखनाचे गुणदोष दाखविणे हे त्याचे कामच आहे. जीवितावर गुण देण्याचा अधिकार मात्र त्याला कोणी दिलेला नाही. अडचण एवढीच की, दोन्ही एकाच ओळीत असतात.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसावर चालणारी घरे पुष्कळ, आणि मराठी बोलणाऱ्या मुलाच्या एका कानात तेलुगू असते. नापिकीच्या वर्षी बाप गमावलेल्या मुलाने 'माझे वडील' या विषयावर लिहिले आणि त्यांना 'नान्ना' म्हटले, अशी कल्पना करा. त्या शब्दाखाली लाल रेघ ओढावी काय? माझ्या मते ओढू नये. तो घरी बापाला ज्या नावाने हाक मारी, ते हे नाव आहे. परंतु ऱ्हस्वदीर्घ चुकले असेल, घटनांचा क्रम विसकटला असेल, तर ते अवश्य दाखवावे. 'फार हृदयस्पर्शी' एवढेच लिहून वही परत करणे ही मला टाळाटाळ वाटते. आपले म्हणणे समजावे म्हणून मुलाने लिहिले. ते कोठे समजले नाही, हे त्याला कोण सांगणार?

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील ही मातंग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा प्रश्न. ज्यांच्या घरावर छप्पर नाही त्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल, ही तिची तक्रार. आपण देवळात जाणारी माणसे. ते वाचताना खाली पाहावे लागते आणि (खरे बोलावयाचे तर) थोडा रागही येतो. एखाद्या सज्जन शिक्षकाने 'भाषा सौम्य कर' असा शेरा मारला असता, तर तिचे व्याकरण सुधारले नसते. साक्ष तेवढी बिघडली असती. असले शेरे पुष्कळदा वाचणाराच्या सोयीसाठीच असतात.

न्यायालयात साक्षीदार रडला तरी तारीख आणि जागा विचारावीच लागते. मात्र पक्षकाराने वकिलाजवळ विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हे संरक्षण २०२४ साली अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. वहीत वाचलेल्या गोष्टीबाबत शिक्षकावर असे बंधन नाही. म्हणून 'उत्तम निबंध' म्हणून तो वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्यापूर्वी त्याने मुलाला बाजूस घेऊन विचारावे. आणि मूल 'नको' म्हणाले, तर कारण विचारू नये.