बाळगुटी नको, आजी

नाशिकच्या सरकारी प्रसूती वॉर्डात पेठ-सुरगाण्यापासून निफाड-सिन्नरपर्यंतच्या बाया येतात. प्रत्येकीसोबत सासू असते, नणंद असते, कधी माहेरची आई. त्यातल्या एखादीच्या केसपेपरवर एचआयव्हीची नोंद असते, आणि ती नोंद बहुतेकदा सासूला माहीत नसते. नर्सिंगच्या मुलींची खरी परीक्षा इथे सुरू होते. मी या मुलींना शिकवते, म्हणून सकाळच्या ड्यूटीला निघताना हाच विषय पुष्कळदा डोक्यात असतो.

औषधांचं सगळं त्यांना वर्गात पाठ झालेलं असतं. काहीच उपचार झाला नाही, तर एचआयव्ही असलेल्या आयांच्या शंभर बाळांपैकी 15 ते 45 बाळांना संसर्ग होतो. आईची गोळी वेळेवर चालू राहिली आणि बाळाला जन्मल्याबरोबर नेविरापिनचं सिरप मिळालं, तर तो आकडा पाचाच्या खाली येतो. 2014 पासून आपल्याकडे प्रत्येक संसर्गित गरोदर बाईला, तिच्या रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, म्हणजे सीडी फोर, कितीही असो, तीन औषधांचा कायमचा उपचार, म्हणजे एआरटी, फुकट मिळतो. त्याआधी एचआयव्हीमुळे आईबापाविना राहिलेल्या, नातेवाइकांनी दूर लोटलेल्या मुलांसाठी पंढरपूरला मंगलताई शहांना 'पालवी' आणि लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांना 'सेवालय' ही आश्रयस्थानं उभी करावी लागली. ते दिवस आठवले की या गोळीचं मोल कळतं.

पण गोळी घरात घ्यायची असते. आणि घरात आजी असते, मध असतो, सहाणेवर उगाळलेली बाळगुटी असते.

अंगावरचं दूध आणि वरचं काहीबाही असं मिसळून दिलं, तर संसर्गित आईच्या बाळाचा धोका वाढतो. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध. हे आजीला सांगायचं, पण का ते सांगायचं नाही. एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "मॅडम, खोटं न बोलता हे कसं जमवायचं?" उत्तर सोपं आहे. "आजी, सहा महिने गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको," हे वाक्य वॉर्डातल्या प्रत्येक आजीला सांगायचं, कारण ते प्रत्येक बाळासाठी खरंच आहे. हातमोजे प्रत्येक बाळंतपणाला घालायचे, सुई प्रत्येक वेळी तितक्याच काळजीने टाकायची. सगळ्यांशी सारखं वागलं की कुणाचंच गुपित उघडं पडत नाही. एकाच खाटेपाशी दोन-दोन जोड मोजे चढवले, किंवा "ती एआरटीवाली" अशी दारातून हाक मारली, की सगळा वॉर्ड ओळखतो. मी अशी हाक ऐकली आहे. त्या बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दिवसभर कुणाकडे पाहिलं नाही. अशी बाई पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला येईल, याची खात्री कोण देणार?

सहा आठवड्यांनी अशा आईचं बाळ पेंटा लसीच्या पहिल्या डोसला येतं. त्याच वेळी एचआयव्हीच्या तपासणीसाठी त्याची टाच कोमट करून टोचतात आणि रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावरच्या पाच गोलांत घेतात. गोल पूर्ण भरला पाहिजे, थेंबावर थेंब पडता कामा नये. कार्ड उन्हात न ठेवता सावकाश वाळू द्यायचं आणि मग प्रयोगशाळेत पाठवायचं. बाळाची तपासणी पुढे दीड वर्षापर्यंत चालते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर त्याच्या रक्तात राहू शकतात. ते दीड वर्ष आई कसं काढते, हे मुलींनी तिच्या शेजारी बसून ऐकावं असं मला वाटतं. पुस्तकात ते नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. गरोदरपणात रक्त तपासलं जातं ते बाईचं. नवऱ्याला तपासणीला या म्हटलं की तो कामाचं कारण सांगतो. मग घरात आधी तिचं नाव निघतं, आणि जिचं आधी कळलं तिनेच आजार आणला असं ठरतं. कितीतरी बायांना संसर्ग नवऱ्याकडून झालेला असतो, आणि घराबाहेर निघायची वेळ मात्र त्यांच्यावर येते. हा अन्याय आहे, आणि तो केवळ तपासणीच्या क्रमातून जन्माला येतो.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, हे त्यात आहे. राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही, हेही आहे. आणि त्यात एक कलम असं आहे की ते वाचताना वर्गात मुली गप्प होतात. आजाराने मोडलेलं घर बारा वर्षांवरचं एखादं समजूतदार पोर चालवत असेल, तर धाकट्या भावंडांच्या शाळाप्रवेशासाठी, दवाखान्यासाठी, बँकेच्या खात्यासाठी कायदा त्याला पालक मानतो. अशी घरं होती, आहेत, म्हणून ते कलम लिहावं लागलं.

तुमच्या घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिच्या पहिल्या तपासणीला मुलाला किंवा जावयालाही सोबत धाडा. दोघांचं रक्त एकाच दिवशी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ही चाचणी फुकट होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. काही विचारायचं असेल तर 1097 हा क्रमांक फुकट लागतो.